न वापरलेल्या ब्रेकची कुरकुर

रत्नागिरीत माझ्या दारात इलेक्ट्रिक गाडी आली त्याला चार वर्षे झाली. लोक मला सर्वांत जास्त वेळा विचारतात ते ती किती किलोमीटर जाते हे नव्हे, तर ‘इंजीनच नाही, मग हिचे ब्रेक एवढे का ओरडतात?’ हे. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पेट्रोलच्या गाडीचे ब्रेक वापरून झिजतात, तर इलेक्ट्रिक गाडीचे बहुधा न वापरल्यामुळे बिघडतात. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनित्रासारखी फिरू लागते, गाडीचा वेग विजेच्या रूपाने बॅटरीत परततो आणि गाडी मंदावते. यालाच आपण रीजेन म्हणतो. परिणामी पॅडना, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांना, चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर घासण्याची संधी फारच थोडी मिळते. डिस्क असते बिडाची, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस व बारा महिने खारी हवा, त्यामुळे तिच्यावर एका रात्रीत तांबूस थर चढतो. पेट्रोलच्या गाडीत हा थर पहिल्या चौकापर्यंत पुसला जातो, पण इलेक्ट्रिक गाडीत तो दिवसेंदिवस तसाच राहू शकतो.

म्हणून आवाज आला की मी आधी तो केव्हा येतो हे विचारतो. रात्रभर भिजलेली गाडी सकाळी फाटकाबाहेर काढताना खरखर झाली आणि चार-पाच वेळा ब्रेक दाबल्यावर थांबली, तर तो वरवरचा गंज आहे. त्यासाठी गॅरेज गाठू नये. ब्रेक न दाबताही पत्रा घासल्यासारखा आवाज सतत येत असेल, तर डिस्कमागच्या पातळ पत्र्याच्या कवचात खडा अडकला आहे का ते पाहावे. माझ्या गाडीत दोनदा जांभ्याचा खडा निघाला. हळू वेगात बारीक कर्कश चिरचिर होत असेल, तर पॅडचा पृष्ठभाग गुळगुळीत होऊन चकाकू लागलेला असण्याची शक्यता मोठी. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर मात्र वेगळी. ती ऐकू आली की गाडी चालवणे थांबवावे. आणि हळू चालताना किंवा मागे घेताना येणारी गूंगूं हा बिघाडच नव्हे: पादचाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून अनेक गाड्या तो आवाज मुद्दाम काढतात. एका स्नेह्यांनी त्यासाठी चारही चाके उघडून घेतली होती.

आणखी एक गैरसमज नेहमी कानावर येतो, की रात्री चार्ज केले की सकाळी ब्रेक वाजतात, म्हणजे चार्जिंगनेच ब्रेक बिघडतात. निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा. बॅटरी शंभर टक्के भरलेली असली की परत येणारी वीज घ्यायला तिच्यात जागा नसते, म्हणून गाडी रीजेन कमी करते आणि त्या पहिल्या काही किलोमीटरांत सगळा भार खऱ्या ब्रेकवर येतो. गंज आधीपासून होताच. त्याला तोंड फुटते ते त्या सकाळी. आंबा घाट उतरण्यापूर्वी बॅटरी काठोकाठ भरू नये, असे मी सांगतो तेही याच कारणाने.

वरवरच्या गंजावरचा उपाय फुकट आहे. मोकळा, सपाट, सरळ रस्ता पाहावा, मागे कोणी नाही याची खात्री करावी, ताशी साठच्या वेगात गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी आणि दमदार ब्रेक लावून वेग दहापर्यंत आणावा. न्यूट्रलमध्ये रीजेन मधे येत नाही, सगळे काम पॅडच करतात. असे सात-आठ वेळा करावे. मात्र दर दोन वेळांमध्ये थोडे अंतर साधे चालवावे, आणि तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभे राहू नये. उतारावर हा प्रयोग अजिबात नको.

याने भागले नाही, तर दोष बहुधा कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीत असतो, आणि हे मी पैसे मोजून शिकलो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पुढचे डावे चाक वाजू लागले तेव्हा एका गॅरेजने पॅड बदलून दिले, आणि महिनाभरात आवाज परत आला. फिरून आल्यावर चाकांजवळ हात नेला (डिस्कला हात लावू नये, भाजतो), तर तेच चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागत होते. चाक काढले. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतली खालची पिन गंजून जाम झाली होती, आणि महिन्याभराचा नवा पॅड एका टोकाला तिरपा झिजला होता. पिना काढून स्वच्छ करणे, रबराला न खाणारे सिलिकॉनचे ब्रेक ग्रीस लावणे, पिनांवरची फाटलेली रबरी आवरणे (बूट) बदलणे आणि पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढणे, एवढेच करायचे होते. पॅड बदलताना ते कोणी केले नव्हते.

हे काम घरी करणार असाल तर जॅक कंपनीने खूण केलेल्या ठिकाणीच लावा, कारण तळाशी बॅटरी आहे. सुटलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. मागच्या चाकांना विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक असेल, तर गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी तो ब्रेक मोकळा ठेवणाऱ्या स्थितीत घ्यावी लागते. ते जमत नसल्यास मागची बाजू मेकॅनिककडेच सोपवा. पॅडवरचा मसाला तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत, आणि डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते, तीही मोजून घ्यावी.

टियागो ईव्हीसारख्या गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम, म्हणजे बंद डब्यासारखे ब्रेक असतात. फोक्सवॅगनने आयडी. ३ आणि आयडी. ४ या गाड्यांतही मागे ड्रमच ठेवले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. मला ती निवड पटते: ड्रमच्या आतले लायनर (घासणारे अस्तर) झाकलेले असतात, आणि ज्या ब्रेकला फारसे काम नाही त्याला पाऊस न लागणे अधिक महत्त्वाचे.

पॅड झिजले नाहीत म्हणून ब्रेक ऑइलही तसेच चालेल, असे मात्र समजू नका. ते हवेतला ओलावा शोषते, गाडी उभी असली तरी. म्हणून मी दर दोन वर्षांनी बदलतो. आणि गॅरेजमध्ये ‘आवाज येतो, बघा’ एवढेच सांगण्याऐवजी ‘पिना काढून ग्रीस करा आणि जुने पॅड मला दाखवा’ असे सांगतो.