देवरिया ताल, ऑक्टोबरअखेर : चढाई पहाटेच का करायची

उत्तराखंडातला देवरिया ताल (ताल म्हणजे तळं) पाहून हिरमुसले होऊन परतणारे बहुतेकजण नाश्ता उरकून आरामात चढलेले असतात. इथे बघायचं ते पाण्यातलं चौखंबा या हिमशिखराचं (७१३८ मीटर) प्रतिबिंब. उन्हं चढून उतार तापले की दरीतून वर वारा सुटतो, पाण्यावर बारीक लहरी उठतात आणि आरसा संपतो. म्हणून पायथ्याच्या सारी गावात मुक्काम करून आम्ही सव्वाचारला निघालो. या दिवसांत सूर्योदय साधारण सव्वासहाचा.

सारीला उखीमठहून चोपत्याच्या रस्त्याने जायचं; मधे गावाकडे फाटा फुटतो. ताल अंदाजे २४०० मीटरवर. गावातून वाट तीनेक किलोमीटरची, पण चढ सलग. बराचसा भाग दगडी फरसबंदीचा असल्याने चुकायची भीती कमी. डोक्याला बांधायची बॅटरी मात्र प्रत्येकाकडे हवी. दोघांत एक घेतली की मागचा पुढच्याच्या सावलीत ठेचकाळतो. सवयीच्या माणसाला दीड तास पुरतो, नवख्याने दोन धरावेत. वनखात्याची प्रवेशाची पावती कुठे आणि कधी मिळते ते आदल्या संध्याकाळीच गावात विचारून ठेवावं.

खरी गडबड कपड्यांची होते. थंडी वाजते म्हणून जाड जाकीट घालून चढायला लागलं की पंधरा मिनिटांत घाम फुटतो आणि वर थांबल्यावर तोच ओलावा हुडहुडी भरवतो. निघताना थोडं गारठलेलंच बरं. जाकीट पिशवीत ठेवायचं, वर पोचताच ओला बनियन बदलायचा, मग जाकीट, कानटोपी, हातमोजे. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते. माणशी दीड लिटर पाणी खालूनच न्यावं. तालाचं पाणी साचलेलं, पिण्याजोगं नाही.

ताल लहान आहे, ‘एवढंच?’ असं वाटू शकतं. काठाकाठाने दक्षिणेकडच्या बाजूला जा, म्हणजे पाणी मधे आणि शिखरं समोर येतात. आधी चौखंबाचा माथा उजळतो, मग ऊन हळूहळू खाली सरकतं. काठाला पूर्ण उजाडलेलं नसताना शिखर झळाळत असतं, त्या वेळी प्रतिबिंब सगळ्यात ठसठशीत दिसतं. पावसाने हवेतली धूळ धुऊन गेलेली असल्याने शरदात हिमशिखरांच्या कडा स्वच्छ दिसतात. बुरांशाची (ऱ्होडोडेंड्रॉन झाडाची) फुलं हवी असतील तर मार्च-एप्रिलमध्ये या, आत्ता फक्त पानं.

उतरताना सावलीतल्या फरशांवर दंव किंवा पातळ बर्फ असतं. पावलं छोटी टाका, पाय सपाट टेकवा. एक काठी असली तर गुडघे वाचतात.