तुम्ही विचारलंत म्हणून: विमानातलं रेडिएशन आणि माझी डायरी

"इतकी वर्षं उडालात, रेडिएशनचं काय?" वर्षातून एकदा परदेशी जाणारे हे विचारतात, केबिन क्रूमध्ये नव्याने लागलेल्या मुली विचारतात आणि त्यांच्या आया तर हमखास विचारतात. दर वेळी मी अर्धंच उत्तर देते. आज पूर्ण लिहिते.

प्रवाशांचं आधी उरकते. निर्धास्त जा. लंडन-न्यूयॉर्कच्या एका बाजूच्या प्रवासात साधारण 30 ते 50 मायक्रोसीव्हर्ट (हे रेडिएशनच्या डोसचं माप) मिळतात. जमिनीवर नुसतं राहून माणसाला वर्षाला सरासरी 2400 मिळतातच. विमानतळावरच्या ज्या स्कॅनरला लोक घाबरतात, तो मिलिमीटर लहरींचा असेल तर त्यात क्ष-किरण नसतातच. एखाद-दुसऱ्या प्रवासाने झोप उडवून घेऊ नका.

"म्हणजे छातीच्या एक्स-रेइतकंच ना?" यावर मात्र माझं डोकं फिरतं, कारण गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, उभी राहून मीही प्रवाशांना हेच सांगायचे. आकडा चुकीचा नाही. पण एक्स-रे काढणारा माणूस भिंतीआड जातो आणि त्याच्या छातीवर रेडिएशन मोजणारा बिल्ला असतो. त्याला किती लागलं याची कुठेतरी नोंद होते. आम्ही महिन्याला ऐंशी-नव्वद तास वर काढायचो आणि आमची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

कुणाला ठाऊकच नव्हतं, असंही नाही. विमानातलं हे रेडिएशन म्हणजे अंतराळातून येणारे किरण. उंचावर गेलं की ते वाढतात, हे व्हिक्टर हेसने 1912 साली बलूनमधून पाच हजार मीटरवर जाऊन मोजलं होतं. 1990 मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने सांगितलं की विमान कर्मचाऱ्यांना मिळणारा हा डोस कामाचा भाग धरा. युरोपने 1996 च्या निर्देशात ते घेतलं. मी नोकरीला लागले तेव्हा हे सगळं छापून झालं होतं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला आग विझवायला शिकवलं, दार उघडायला शिकवलं, विमानात प्रवासी बाईचं बाळंतपण कसं करायचं तेही शिकवलं. आपल्याला दिवस गेले तर पहिल्या आठवड्यांत काय करायचं, यावर एक ओळ नव्हती.

आता ते सांगते.

पाळी लांबली होती. क्रूमधल्या बायकांची ती लांबतेच, दिवसरात्रीचं गणित बिघडलेलं असतं. म्हणून आठवडाभर लक्ष दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात शंका आली. खरं सांगते, आली होती. तरी मी उत्तर ध्रुवाजवळून जाणारी चौदा तासांची एक फेरी केली, आणि ती रोस्टरवर माझी नव्हती, मैत्रिणीशी बदलून मागून घेतलेली होती. परत आल्यावर टेस्ट केली. त्याच दिवशी कळवलं आणि मला ग्राउंड ड्यूटी मिळाली. नवव्या आठवड्यात रक्तस्राव सुरू झाला.

हॉस्पिटलमध्ये मला स्ट्रेचरवरून सोनोग्राफीला नेताना वाटेत एक्स-रेची खोली लागली. दारावर पाटी होती: "गरोदर असाल तर आधी सांगा." ढकलणारे मामा लिफ्टसाठी थांबले आणि ती पाटी मी तीन-चार मिनिटं वाचत राहिले. विमानाच्या दारातून मी शेकडो वेळा आत गेले होते.

डॉक्टर म्हणाल्या, "स्वतःला दोष देऊ नका. बहुतेक वेळा गर्भातच दोष असतो." नणंदेने हळूच विचारलं, "वहिनी, विमानामुळे तर नसेल ना झालं?" त्यानंतर हा प्रश्न मला कुणीही विचारला तरी तिचाच आवाज ऐकू येतो.

पुढे 2015 मध्ये अमेरिकेतल्या नायॉश या, कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांचा अभ्यास वाचला. पहिल्या तीन महिन्यांत 0.36 मिलिसीव्हर्ट (म्हणजे 360 मायक्रोसीव्हर्ट) किंवा जास्त डोस मिळालेल्या फ्लाइट अटेंडंटमध्ये गर्भपाताचा धोका वाढलेला असू शकतो, असं त्यात होतं. जुनी डायरी काढून मी पेन्सिलीने बेरीज केली. सहा मोठे सेक्टर, म्हणजे एकेका बाजूची उड्डाणं, त्यातले चार ध्रुवाजवळून. ध्रुवाकडे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची आड कमी पडते, म्हणून तिथला ताशी दर जास्त धरला. वैमानिकाने विमान 35 हजार फुटांवर ठेवलं की 39 हजारांवर, ते डायरीत नव्हतं. एका हिशेबाने 0.34 आलं, दुसऱ्याने 0.42. रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे. त्याच अभ्यासात रात्रीच्या झोपेच्या वेळी पंधरा तास किंवा जास्त काम करणाऱ्यांचाही धोका वाढलेला दिसला होता. ते पंधरा तास तर मी दोन फेऱ्यांतच ओलांडले होते.

मग कशाने झालं? मला ठरवता येत नाही. तेव्हाची मी म्हणते, तुला शंका आली होती. आताची मी तिला सांगते, तुला कुणी काही सांगितलंच नव्हतं. दोघीही खरं बोलतात, आणि ती बदलून घेतलेली फेरी तरीही माझ्याच सहीची आहे.

उडणं मी सोडलं नाही. त्यानंतर अकरा वर्षं उडाले, कारण मला ते काम मनापासून आवडायचं. पुढच्या वेळी टेस्ट पॉझिटिव्ह येताच ग्राउंड ड्यूटी घेतली. मुलगा झाला, नीट आहे. त्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरचा रात्री फोन आला. पाळी सहा दिवस लांबलेली, सकाळी ध्रुवाकडची फ्लाइट. मी म्हटलं, आधी टेस्ट कर, आणि तिचा निकाल येईपर्यंत जाऊ नकोस.

"ताई, पण कारण काय देऊ?"

कंपनीच्या फॉर्मवर यासाठी रकानाच नाही. "ताप आहे म्हणून सांग," मी म्हणाले.