तुम्ही विचारलंत म्हणून: कवडी बोटीवर ‘जाते’ कुठे?

मंडळाच्या गणपतीत असो की पुण्याच्या मावशीच्या व्हिडिओ कॉलवर, प्रश्न ठरलेला: “दहा-दहा दिवस शिडाच्या बोटीवर राहता, मग कुत्रीच्या शी-शूचं काय?” लोक जरा संकोचूनच विचारतात. संकोच कसला? आमच्या प्रवासाचं अख्खं वेळापत्रक याच प्रश्नावर बेतलेलं असतं.

आम्ही फिरतो ते सिएटलच्या उत्तरेला, सॅन हुआन बेटांमध्ये. बोट तीस फुटी, माणसं दोन आणि तिसरी आमची कुत्री, कवडी. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून कवडी.

बोटीच्या पुढच्या टोकाला खोट्या गवताचा एक तुकडा दोरीने बांधून ठेवलाय. पहिल्या सफरीत तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौदा तास धरून बसली, आणि तिच्यापेक्षा माझाच जीव कासावीस झाला. घरी आल्यावर तोच तुकडा अंगणात, तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात टाकला. दोन आठवडे तिथेच ‘शू कर’, मग शाबासकी आणि चीजचा तुकडा. आता भर वाऱ्यात, बोट कलंडलेली असतानाही जमतं तिला. शी पिशवीत जाते, तुकडा समुद्रात बुडवून खळबळून घेतला की झालं.

पण तेवढ्यावर भागतं असं मी कुणाला सांगणार नाही. कुत्र्याला जमीन लागते. वास घ्यायला, उकरायला, पाय मोकळे करायला. म्हणून सकाळ-संध्याकाळ किनारा, पाऊस असला तरी.

किनारा म्हणजे कुठलाही नाही. वॉशिंग्टन राज्यात ओहोटीला उघडी पडणारी जमीनसुद्धा बऱ्याच ठिकाणी खाजगी मालकीची असते. दिसली वाळू आणि उतरलो, असं चालत नाही. त्यामुळे आमचे मुक्काम बहुतेक सरकारी सागरी उद्यानांत: सुशिया, जोन्स, स्टुअर्ट. तिथे कुत्र्याचा पट्टा आठ फुटांपेक्षा लांब चालत नाही. मधली कितीतरी खडकाळ बेटं पक्ष्यांसाठी राखीव आहेत, त्यांच्या दोनशे यार्डांच्या आत आम्ही बोटही नेत नाही. नांगर टाकायची जागा निवडताना वारा कुठून येणार, तळाशी चिखल की खडक, हे बघावंच लागतं. आमच्या यादीत त्याच्याही आधी एक ओळ असते: कवडी उतरणार कुठे?

आणि उतरणार कधी? इथे भरती-ओहोटीतला फरक मोठ्या दिवसांत दहा-बारा फुटांवर जातो आणि उन्हाळ्यातली सगळ्यात खोल ओहोटी भर दुपारच्या सुमारास येते. म्हणजे सकाळी आपण उतरतो तेव्हा पाणी ओसरत चाललेलं असतं. सुशियाच्या शॅलो बे मध्ये हे आम्ही अनुभवलं. पाण्याच्या कडेला डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, ठेवली, कवडीला घेऊन तासभर रानात हिंडलो. परत आलो तर डिंगी कोरड्या वाळूत आणि पाणी पार लांब. तिला तसंच ओढत न्यायचं तर खडकांना चिकटलेल्या बार्नेकलच्या धारदार कवचांनी नि कालवांच्या शिंपांनी तळ फाटला असता. शेवटी इंजिन काढून खांद्यावर घेतलं, मग दोघांनी डिंगी उचलून नेली, तीन खेपा. कवडीच्या पुढच्या पंजाला शिंप लागून रक्त आलं, ते बोटीवर चढल्यावर कळलं. पांढऱ्या डेकवर लाल ठिपक्यांची रांग. तेव्हापासून भरतीचं कोष्टक पाहिल्याशिवाय मी तिच्या गळ्यात पट्टा घालत नाही, आणि शिंपांचा भाग आला की तिला उचलून घेते.

आणखी एक, हे कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम सांगते. आजी मासे साफ करताना बांगड्याची डोकी दारातल्या कुत्र्याला टाकायची, ते पाहतच मी वाढले. इथे ते चालत नाही. या भागातल्या कच्च्या सॅल्मनमध्ये एक परजीवी असतो, त्याच्या अंगात एक जिवाणू. माणसाला त्या जिवाणूचं काही होत नाही, पण कुत्र्याला आठवडाभरात ताप, उलट्या, अन्न बंद. वेळेवर औषध मिळालं तर बरं होतं, नाहीतर बहुतेक कुत्री दगावतात. किनाऱ्यावर मेलेला मासा दिसला की मी आधी पट्टा आखडते. कुणी मासे साफ करत असेल तर कवडी बोटीच्या आत.

गेल्या जुलैत स्टुअर्टला संध्याकाळी उतरायला निघालो, तर वाळूवर सीलचं पिल्लू. करडं, ओलं, उशीएवढं. या दिवसांत आया त्यांना किनाऱ्यावर ठेवून खायला जातात. माणूस किंवा कुत्रं जवळ दिसलं तर आई परत यायला कचरते, कधी येतच नाही. कवडी डिंगीच्या टोकाला उभी, नाक थरथरत होतं, पण तोंडातून आवाज नाही. आम्ही इंजिन बंद केलं, वल्ह्यांनी हळूच मागे आलो आणि पलीकडच्या धक्क्याकडे वळलो. तिथे पोचेपर्यंत अंधार पडला होता. धक्क्यावरून वर चढताच पहिल्याच झाडाखाली कवडी बराच वेळ बसून राहिली.