शब्द गिळू नको

"गिटार वाजव रे बाबा, पण शब्द गिळू नको!" काल मडगावात पुढच्या रांगेतल्या एका आजींनी गाणाऱ्या पोराला सांगितलं.

पोरगा ख्रिस्ती, विशीतला. फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराण' या जुन्या मराठी काव्यातल्या ओव्या रॉकच्या अंगाने गात होता. मला वाटलं, चिडणार. त्याने पायाने पेडल बंद केलं, ड्रमवाल्याला हातानेच थांबवलं आणि तीच ओवी नुसत्या गळ्याने म्हटली. गिटार मग हळूच आत आली. अंगावर काटा आला!

बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, "परंपरेची पार वाट लावली." ते डोक्यातून जात नाहीये.

फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्रज, १५७९ साली गोव्यात आले. बायबलातली कथा सांगायला त्यांनी ज्ञानोबांची ओवी घेतली, १६१६ मध्ये ती छापली, तीही रोमन लिपीत. मग या पोराने गिटार घेतली तर बिघडलं कुठे?