हॉर्नवाल्या पोरांच्या स्पर्धा

फ्रेंच हॉर्न, म्हणजे पितळेचं ते गोल वेटोळं फुंकवाद्य, वाजवणाऱ्यांचं दरवर्षी एक मोठं वर्कशॉप भरतं, पहिलं १९६९ ला अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅलाहासीला झालं, आणि १९७० मध्ये त्यातूनच इंटरनॅशनल हॉर्न सोसायटी उभी राहिली. तिथे लेक्चर्स-कॉन्सर्ट असतातच, पण मला खरा रस विद्यार्थ्यांच्या स्पर्धांमध्ये. सोलोची असते, पण त्याहून भारी वाटते ती फ्रिझेल ऑर्केस्ट्रल ऑडिशन, कारण नोकरीसाठी ऑर्केस्ट्रात जे वाजवून दाखवावं लागतं तेच इथे वाजवायचं, सिम्फन्यांमधले छोटे छोटे तुकडे. हाय हॉर्नचा, म्हणजे वरच्या पट्टीत वाजवणाऱ्यांचा गट वेगळा, लो हॉर्नचा, म्हणजे खालच्या पट्टीतल्यांचा वेगळा.

आता लो म्हणजे सोपं असं कुणाला वाटत असेल तर त्याने बेथोव्हनच्या नवव्या सिम्फनीतला चौथ्या हॉर्नचा सोलो ऐकावा, किंवा रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या पाचव्या सिम्फनीतलं ते खालच्या पट्टीतलं प्रकरण, घाम फुटतो राव!

आणि हे वाद्यच मुळात खोडील, एफ सुरातल्या हॉर्नची नळी सरळ केली तर जवळपास १२ फूट भरेल, वरच्या सप्तकात एकाच फिंगरिंगवर, म्हणजे बोटं तशीच ठेवून, सूर इतके चिकटून येतात की ओठ जरासे इकडेतिकडे झाले की शेजारचाच सूर लागतो, आणि तो सगळ्यांना ऐकू जातो. म्हणून दोन मिनिटांच्या तुकड्यासाठी पोरं महिनोन्महिने घासतात. जिंकणं वगैरे ठीक, पण मोठमोठ्या वादकांसमोर वाजवायला मिळतं हे जास्त कामाचं, असं माझं मत.