दुधाच्या कॅनमध्ये पुरलेला इतिहास

मी शाळेत इतिहास शिकवते. राजे, लढाया, तह हे सगळं शिकवते आणि ते शिकवायलाच हवं. पण आपण कोण, आपली माणसं कशी, हे कळायला तेवढं पुरत नाही. हे सांगताना मला दरवेळी पोलंडच्या राजधानीची, वॉर्साची आठवण होते.

नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी तिथल्या ज्यूंना भिंतीआड कोंडलं. आत इमॅन्युएल रिंगेलब्लुम नावाचा इतिहासकार होता. त्याने शिक्षक, लेखक, धर्मगुरू असे साठेक लोक गोळा केले आणि गुपचूप नोंदी सुरू केल्या. काय काय जमवलं त्यांनी! ट्रामची तिकिटं, रेशनकार्डं, मिठाईचे कागद, शाळकरी मुलांचे निबंध, चोरून धान्य आणणाऱ्यांच्या हकिकती. मे १९४२ मध्ये नाझी तिथे प्रचारासाठी चित्रण करत होते. म्हणजे या माणसांची गोष्ट त्यांचे मारेकरीच जगाला सांगणार होते. ती आपली आपण सांगायची, हा या लोकांचा हट्ट होता.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचंच. त्यांनी आपल्यातल्या लाचखोरांबद्दल लिहिलं, स्वतःच्याच लोकांना पकडून देणाऱ्या ज्यू पोलिसांबद्दलही लिहिलं. मरण दारात उभं असताना समाजाची लाज झाकावी असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी झाकली नाही. नुसता अभिमान जपणाऱ्या समाजाला स्वतःची अर्धीच ओळख असते, असं मला मनापासून वाटतं.

१९४२ च्या उन्हाळ्यात माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पाठवली जाऊ लागली, तेव्हा एका शाळेच्या तळघरात धातूच्या दहा पेट्या पुरल्या गेल्या. नंतर दुधाचे दोन कॅन. त्या गटातले फक्त तिघे वाचले. त्यांच्यापैकी एकाला जागा ठाऊक होती, म्हणून १९४६ मध्ये पेट्या सापडल्या. कॅन सापडले १९५० मध्ये. सुमारे ३५ हजार पानं हाती लागली. १९९९ मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली.

हा धडा झाला की मी मुलांना घरातल्या थोरांशी बोलायला लावते. पराक्रमाच्या गोष्टी विचारा, तशी भांडणं, कर्जं, तुटलेली नातीही विचारा आणि वहीत लिहून ठेवा. काही पालकांना हे रुचत नाही. घरातलं चव्हाट्यावर कशाला, म्हणतात. त्यांची भीती मला पटते. म्हणून ती वही मी तपासायला मागत नाही. ती मुलांच्या घरीच राहते.