नेमकं तिथेच का हसावं?

तो माणूस हसला. आमच्या नाताळच्या भयविनोदी फिल्मचा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, बघायला बोलावलेल्या चार-दोन लोकांतला एक. फिल्मच्या आवाजाचं काम माझ्याकडे. अख्खा वेळ हाताची घडी घालून बसला होता आणि हसला तो काकूंच्या सीनला. मोठ्यानं नाही, नाकातून फुसकन. कालपासून ते फुसकन काही माझा पिच्छा सोडत नाहीये.

बाकीच्या वेळी हसला असता तर डोक्यावर घेऊन नाचले असते. घरातलं एकेक माणूस भेटवस्तू उघडतं आणि नाहीसं होतं, आणि उरलेले जरा सरकून बसतात नि पुढचं कॅरल सुरू करतात, तिथे हसायचंच आहे. जावई गायब झाल्यावर सासरे त्याची प्लेट स्वतःकडे ओढतात, तिथे तर खो खो हसायला हवं होतं. तिथे सगळे चिडीचूप! आणि काकू नखानं सेलोटेप सोडवायला लागल्या तर याला हसू.

ख्रिसमस ट्रीच्या नजरेतून सगळी फिल्म दाखवायची हे आमच्या दिग्दर्शक ताईंनी ठरवलं तेव्हाच मला कळलं होतं की भार आवाजावर येणार. कॅमेरा हलत नाही, क्लोजअप नाही. खोली दिसते तेवढीच, नाहीतर काचेच्या गोळ्यात वाकडीतिकडी. (त्या गोळ्यात कॅमेराही दिसायचा. शेवटी त्यालाच हिरवी माळ गुंडाळली, आणि लाइटवाल्या दादांना प्रत्येक टेकला सोफ्यामागे झोपावं लागलं.) म्हणजे काकूंचे हात जवळून दिसणारच नाहीत, ते ऐकूच यायला हवेत. कागद फाटू नये म्हणून टेपचं टोक नखानं उचलायचं, थांबायचं, पुन्हा उचलायचं. मग कागद मांडीवर पसरून तळव्यानं सुरकुत्या काढायच्या, आधीच्याच घड्यांवर घडी घालायची. घरात कुणी उरलेलं नाही, आणि ही बाई पुढच्या वर्षासाठी कागद जपून ठेवतेय. त्या आवाजासाठी मी कसले कसले कागद चुरगळले! जाड कागद खोटा वाटतो, चमकीचा फार बोलतो. शेवटी वापरून मऊ पडलेला एक मिळाला.

लोकांना आवाज कळत नाही, हे मी मनावर घ्यायचं सोडलंय असं वाटत होतं. बर्फात पाय रुततो तो कॉर्नस्टार्चच्या पिशवीत, हाड मोडतं ते सेलरीचं, आणि कुणाला पत्ता लागत नाही. लागूही नये. पण एवढ्या मोठ्या फिल्ममध्ये एकाच जागी आवाज एकटा उभा होता, दुसरं काही नाही, आणि तिथे हसू यावं? रात्री रडूच आलं मला. ताईंचा फोनही घेतला नाही.

१९४६च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या सिनेमाच्या आधी पडद्यावरच्या बर्फासाठी पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत. ते पायाखाली इतके कुरकुरायचे की संवाद नंतर डब करावे लागत. त्याचा दिग्दर्शक फ्रँक काप्रा, त्याच्या माणसांनी आग विझवायच्या फोममध्ये साबण आणि पाणी मिसळून नवा, मुका बर्फ केला, म्हणून संवाद जागेवरच टिपता आले. कुणीतरी आवाजासाठी बर्फ बदलला होता. मला हे आठवलं की बरं वाटतं, का ते सांगता येत नाही.

सकाळी फोन केला तर ताई 'ग्रेमलिन्स'वर आल्या. १९८४चा भयविनोदी सिनेमा. त्यातली ती मुलगी सांगते की तिला नाताळ का आवडत नाही: वडील सांता बनून धुराड्यातून उतरायला गेले, घसरून मान मोडली, आणि वास यायला लागला तेव्हा सापडले. स्टुडिओला तो सीन नको होता, कारण हसायचं की रडायचं तेच कळत नव्हतं. दिग्दर्शक जो डांटे अडून बसला. सीन राहिला.

"तुझा माणूस पण तिथेच अडकला असेल," ताई म्हणाल्या.

असेल. किंवा त्याच्या घरी कुणीतरी असंच कागद जपत असेल आणि ओळख पटली म्हणून हसला असेल. किंवा भीती अंगावर येत होती ती अशी बाहेर पडली. दुपारभर मी त्याच्या बाजूनं वकिली करत बसले. तसंही, हसूनहसून सैल झालेला माणूसच नीट घाबरतो, असं आपण पहिल्या दिवसापासून बोलत आलोय. मग सैल झालेला माणूस कुठे हसेल हे आपण कोण ठरवणार? ट्रॅक माझा, पण हसू त्याचं. हे पटतंय, आवडत मात्र अजून नाहीये.

काकूंना हे कळवायचं का, याचा विचार नंतर.

एडिटरचं म्हणणं, खाली हलकं पियानो टाकू, म्हणजे लोकांना समजेल की इथे वाईट वाटून घ्यायचंय. मला ते साफ नामंजूर आहे. उद्या पियानोवालाही ट्रॅक पाठवीन, कारण ताईंनी दोन्ही मागितलेत. पण माझ्याकडच्या ट्रॅकमध्ये टेप सुटल्यानंतरचा पॉज मी आज आणखी बारा फ्रेम वाढवलाय. अर्धा सेकंद. ज्याला हसायचं असेल त्याला हसून घ्यायला तेवढा वेळ पुरे, आणि मगच कागदाची पहिली घडी ऐकू येईल.